दोरी ओढण्याची मुभा

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्ट शहरात जनरल मोटर्सचा मोटारींचा एक कारखाना होता. १९८२ मध्ये कंपनीनं त्याला टाळं लावलं, तेव्हा कंपनीत कुणी फारसं हळहळलं नाही. अमेरिकेच्या वाहन उद्योगात या कारखान्याचं नाव पार बदनाम झालं होतं. रोज पाचातला एक कामगार गैरहजर असे. काही सोमवारी लाइन सुरू करण्यापुरतीही माणसं जमत नसत. कामाच्या वेळात दारू चाले. युनियननं केलेल्या तक्रारींच्या फायली तुंबलेल्या असत. आणि एक नियम सगळ्यांना तोंडपाठ होता: काहीही होवो, लाइन थांबता कामा नये. एखादा भाग चुकीचा बसला किंवा राहूनच गेला, तरी गाडी पुढे ढकलायची. मग अशा गाड्या आवारात रांगेनं उभ्या राहत आणि तिथं त्या पुन्हा उघडून दुरुस्त केल्या जात.

डिसेंबर १९८४ मध्ये त्याच इमारतीतून पुन्हा गाड्या बाहेर पडू लागल्या. माणसंही बरीचशी तीच होती. पण गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली आणि गाड्यांचा दर्जा थेट जपानमधल्या कारखान्याशी बरोबरी करू लागला. परदेशी लोकांबरोबर काम कसं करावं, यावर गेल्या पन्नास वर्षांत ढिगानं पुस्तकं निघाली आहेत. त्यातल्या बहुतेकांपेक्षा या एका कारखान्याची हकीकत जास्त शिकवून जाते.

जुनीच माणसं

१९८१ पासून जपानहून अमेरिकेत येणाऱ्या मोटारींच्या संख्येवर मर्यादा आली होती. टोयोटाला म्हणून अमेरिकेतच उत्पादन करून पाहायचं होतं, पण इथले कामगार आणि त्यांची युनियन आपल्या पद्धतीनं काम करतील का, ही धाकधूक होती. जनरल मोटर्सला लहान गाड्या नफ्यात कशा बनवायच्या हे शिकायचं होतं. १९८३ मध्ये दोघांचा करार झाला आणि ‘न्यू युनायटेड मोटर मॅन्युफॅक्चरिंग’ ही भागीदारी कंपनी उभी राहिली. सगळे तिला ‘न्यूमी’ म्हणत. टोयोटाच्या संस्थापक घराण्यातले तात्सुरो टोयोडा तिचे पहिले अध्यक्ष झाले. युनायटेड ऑटो वर्कर्स या युनियनचा आग्रह होता की भरती जुन्याच कामगारांतून करा. टोयोटानं तो मान्य केला. सुरुवातीच्या कामगारांपैकी सुमारे ८५ टक्के त्या बदनाम कारखान्यातलेच होते.

त्यांच्यातल्या टीम लीडर आणि ग्रुप लीडर मंडळींना गटागटानं जपानला, टोयोटा सिटीतल्या ताकाओका कारखान्यात, तीन आठवड्यांसाठी पाठवण्यात आलं. तिथं त्यांना जपानी माणसाचं मन समजावून सांगणारी व्याख्यानं दिली नाहीत. लाइनवर उभं केलं.

लाइनच्या कडेनं एक दोरी जाते. काही अडलं, एखादा नट बसेना, भाग सदोष निघाला, की कामगारानं ती ओढायची. वर दिवा लागतो, एक धून वाजते आणि टीम लीडर धावत येतो. त्याच्या हाताखाली चार ते सहाच माणसं असतात, त्यामुळे तो लांब नसतो. दोरी ओढताक्षणी लाइन थांबत नाही. गाडी त्या जागेची हद्द ओलांडेपर्यंत थोडा अवधी मिळतो. तेवढ्यात अडचण निस्तरली तर लाइन चालूच राहते, नाही निस्तरली तर थांबते. या व्यवस्थेला अँडॉन म्हणतात. फ्रीमॉन्टच्या लोकांना दोरीचं फार नवल वाटलं नाही. धावत आलेला माणूस ‘हे कुणी केलं?’ असं न विचारता ‘काय मदत हवी?’ असं विचारतो, हे त्यांना नवं होतं. वर्षानुवर्षं लाइन थांबवणाऱ्याची नोकरी धोक्यात असते असं त्यांनी पाहिलं होतं. इथं दोरी न ओढता चुकीची गाडी पुढे सोडणं हा दोष मानला जात होता.

दोरीच्या मागे आणखी बरंच काही उभं होतं. जुन्या करारात कामांचे ऐंशीहून अधिक वर्ग होते. एका वर्गाच्या माणसानं दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही. नव्या करारात हे वर्ग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. साहेबांचं वेगळं कँटीन आणि राखीव पार्किंग गेलं. आणि १९८५ च्या करारात कंपनीनं लिहून दिलं की अस्तित्वावरच संकट आल्याशिवाय कामगार कपात करणार नाही. तशी वेळ आलीच तर आधी व्यवस्थापकांचे पगार कापू, बाहेर दिलेलं काम आत आणू. १९८८ मध्ये या शब्दाची परीक्षा झाली. गाड्यांचा खप घसरला, कारखाना जेमतेम साठ टक्के क्षमतेनं चालू लागला. एकाही कामगाराला घरी पाठवलं नाही. रिकाम्या हातांना प्रशिक्षणाला आणि कामाच्या पद्धती सुधारण्याच्या गटांत बसवलं.

टोयोटानं काय बदललं याइतकंच काय बदललं नाही हेही पाहण्यासारखं आहे. युनियन मोडली नाही. अमेरिकी कामगारानं जपानी व्हावं अशी अपेक्षा धरली नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात वेगवेगळे कारखाने मोजून पाहिले. एक गाडी जोडायला ताकाओकात १६ तास लागत, न्यूमीत १९, आणि जनरल मोटर्सच्या फ्रेमिंगहॅम कारखान्यात ३१. दर शंभर गाड्यांमागे दोषांची संख्या ताकाओका आणि न्यूमी या दोन्ही ठिकाणी सारखीच, ४५ होती.

तक्ता काय सांगतो, काय सांगत नाही

दुसऱ्या देशातल्या माणसांशी वागण्याचं शास्त्र बनवण्याची सुरुवातही अमेरिकेतच झाली. १९५० च्या दशकाच्या पहिल्या वर्षांत एडवर्ड हॉल हे मानववंशशास्त्रज्ञ अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेत राजनैतिक अधिकाऱ्यांना शिकवत होते. अधिकाऱ्यांना आदिवासी नातेव्यवस्थांवरच्या व्याख्यानांत रस नव्हता. उद्या ज्या देशात जायचं तिथं काय करायचं एवढंच हवं होतं. हॉल मग बारीक गोष्टींकडे वळले: माणसं किती अंतरावर उभी राहून बोलतात, ठरल्या वेळेनंतर किती उशीर चालतो, गप्प बसण्याचा अर्थ काय होतो. ‘द सायलेंट लँग्वेज’ हे त्यांचं पुस्तक १९५९ मध्ये आलं. पुढे १९७६ मध्ये त्यांनी आणखी एक फरक मांडला. काही समाजांत बरंचसं न बोलता समजून घेतलं जातं. काहींत सगळं उघड बोलावं आणि लिहावं लागतं. अमेरिका दुसऱ्या गटात येते. आपण बरेचसे पहिल्यात.

हॉलंडचे खेर्त हॉफस्टेड यांनी याला आकड्यांचं रूप दिलं. आयबीएम या अमेरिकी कंपनीच्या जगभरच्या कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात एक लाखाहून अधिक प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. त्यावरून १९८० मध्ये त्यांनी देशांना गुण दिले. वरच्या माणसाची सत्ता खालचा माणूस किती निमूट मान्य करतो, याचा एक गुणांक: भारत ७७, जपान ५४, अमेरिका ४०. ‘मी’ला ‘आम्ही’पेक्षा किती महत्त्व, याचा दुसरा: अमेरिका ९१, भारत ४८, जपान ४६. परदेशी पाठवणीवर जाणाऱ्या माणसांच्या प्रशिक्षणात आजही हे आकडे दिसतात.

आता हा तक्ता फ्रीमॉन्टला लावून पाहू. आकड्यांप्रमाणे जपानी कामगारानं वरिष्ठापुढे गप्प बसायला हवं होतं आणि अमेरिकी कामगारानं बेधडक दोरी ओढायला हवी होती. घडलं नेमकं उलट. जपानी कामगार दोरी सहज ओढत होता आणि जगातला सर्वांत ‘व्यक्तिवादी’ ठरलेला अमेरिकी कामगार चुकीची गाडी मुकाट्यानं पुढे सोडत होता. तोच अमेरिकी कामगार दोन वर्षांत बदलला. दोन वर्षांत देशाची संस्कृती काही बदलत नाही.

हॉफस्टेड यांच्यावर टीका करणाऱ्यांनीही हेच दाखवून दिलं: एका कंपनीतल्या माणसांवरून सबंध देश ठरवता येत नाही, आणि देशाच्या सरासरीवरून समोरचा माणूस कळत नाही. याचा अर्थ तक्ते फेकून द्यावेत असा नाही. अनोळखी प्रदेशात पहिली अटकळ बांधायला त्यांचा उपयोग होतो. पण ‘भारतीय माणूस साहेबाला नाही म्हणत नाही’ असं वाक्य एकदा हाती आलं, की पुढचा विचार थांबतो. तो नाही का म्हणत नाही, आणि म्हटलं तर त्याचं काय होतं, हे प्रश्न विचारायचे राहून जातात.

बोलण्याची किंमत

अमेरिकी ऑफिसात नव्यानं गेलेल्या मराठी इंजिनिअरला पहिली सुखद गोष्ट भेटते ती म्हणजे सगळ्यांना पहिल्या नावानं हाक मारणं. उपाध्यक्षालाही ‘माइक’. सर नाही, साहेब नाही. मग एक गंमत दिसते: त्याच कॉलवर तो माइकला माइक म्हणतो आणि पुण्यातल्या आपल्या मॅनेजरला ‘सर’. यावरून अमेरिकेत सगळे समान, असा निष्कर्ष काढला तर फसगत ठरलेली. कायद्यानं पाहिलं तर मोंटाना हे राज्य सोडून सगळ्या अमेरिकेत मालक कर्मचाऱ्याला कारण न देता, पूर्वसूचनेविना कामावरून काढू शकतो. भेदभावासारखी बेकायदा कारणं आणि युनियनचे करार यांचेच काय ते अपवाद. ज्याला आपण माइक म्हणतो त्याच्या हातात एवढी सत्ता असते. भारतातला ‘सर’ इतक्या झटपट कुणाला घरी पाठवू शकत नाही. नोटिशीचा काळ दोन-तीन महिन्यांचा असतो.

एच-वन-बी व्हिसावर आलेल्या माणसाचं गणित आणखी अवघड. २०१७ पासून लागू असलेल्या नियमानुसार नोकरी गेली तर त्याला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. त्या मुदतीत नवा मालक शोधायचा, व्हिसा बदलायचा, नाहीतर देश सोडायचा. ग्रीन कार्डासाठी भारतीयांची रांग वर्षानुवर्षं लांबत गेलेली. मुलं इथल्या शाळेत, घराचे हप्ते चालू. असा माणूस बैठकीत ‘हा आराखडा टिकणार नाही’ असं म्हणायला कचरला तर त्याचं कारण त्याच्या संस्कारांत शोधायचं की त्या साठ दिवसांत? शेजारच्या खुर्चीवरचा अमेरिकी नागरिक मोकळेपणानं बोलतो, कारण बोलण्याची किंमत दोघांना वेगवेगळी पडते.

न्यूमीच्या करारातली नोकरीची हमी आणि लाइनवरची दोरी एकाच व्यवस्थेचे दोन भाग होते, हे इथं कळतं. एकाशिवाय दुसरं चाललं नसतं. व्हिसाचे नियम कुठल्याही मॅनेजरच्या हातात नसतात, पण बोलणाऱ्याला पडणारी किंमत कमी करण्याचे बरेच मार्ग त्याच्या हातात असतात. वार्षिक मूल्यमापनात लवकर सांगितलेल्या अडचणीचे गुण कापायचे की द्यायचे, हे तोच ठरवतो.

हार्वर्ड विद्यापीठातल्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात इस्पितळांतल्या चमूंच्या औषध देण्यातल्या चुका तपासल्या. चांगल्या चमूंत चुका कमी असतील अशी त्यांची अटकळ होती. आकडे उलटे आले: चांगल्या चमूंत नोंदलेल्या चुका जास्त होत्या. खोलात गेल्यावर उलगडा झाला की त्या चमूंत चुका उघड सांगितल्या जात, वाईट चमूंत झाकल्या जात. पुढे गुगलनं २०१२ पासून आपल्या १८० चमूंचा अभ्यास केला. चमूत कोण आहे यापेक्षा तिथं न घाबरता बोलता येतं का, यानं जास्त फरक पडतो असं त्यातून दिसलं.

फोर्डमधला लाल रंग

वाईट बातमी दडवणं हा आपल्याकडचाच रोग आहे, असं वाटत असेल तर डेट्रॉइटजवळच्या फोर्ड मुख्यालयातला २००६ चा प्रसंग पाहावा. बोइंगमधून आलेले ॲलन मुलाली नुकतेच फोर्डचे प्रमुख झाले होते. दर गुरुवारी त्यांनी सगळ्या विभागप्रमुखांची बैठक सुरू केली. प्रत्येकानं आपल्या कामाचा तक्ता रंगवून आणायचा: सुरळीत असेल तर हिरवा, शंका असेल तर पिवळा, अडलं असेल तर लाल. त्या वर्षी फोर्डला १२ अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. आणि सुरुवातीच्या बैठकांत तक्ते मात्र सगळे हिरवेगार.

काही आठवड्यांनी त्या विभागप्रमुखांपैकी मार्क फील्ड्स यांनी लाल रंग दाखवला. ‘एज’ या नव्या गाडीत दोष सापडला होता आणि त्यांनी ती बाजारात आणणं थांबवलं होतं. खोलीत शांतता पसरली. आता यांचं काही खरं नाही, असं बऱ्याच जणांना वाटलं. मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि यात कोण मदत करू शकेल, असं विचारलं. लगेच सूचना आल्या. पुढच्या काही आठवड्यांत इतरांच्या तक्त्यांतही लाल-पिवळे रंग दिसू लागले. २०१४ मध्ये मुलाली निवृत्त झाल्यावर फोर्डच्या प्रमुखपदी आले ते हेच फील्ड्स.

त्या खोलीतले बहुतेक लोक अमेरिकी, एकाच भाषेचे, एकाच उद्योगात वाढलेले. तरीही ते गप्प होते. म्हणजे गप्प बसायला परकी संस्कृती लागत नाही, भीती पुरते. परका देश, परकी भाषा आणि रात्रीची वेळ यांनी ती भीती वाढते एवढंच.

रात्री साडेनऊचा कॉल

मराठी माणसाचा अमेरिकी उद्योगांशी संबंध सॉफ्टवेअरपासून सुरू झाला, असं बरेच जण समजतात. तो जुना आहे. शंतनुराव किर्लोस्कर १९२६ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून यंत्र अभियांत्रिकी शिकून परतले. १९६२ मध्ये इंडियाना राज्यातल्या कोलंबस या लहान गावातली कमिन्स कंपनी आणि किर्लोस्कर यांनी मिळून पुण्यात डिझेल इंजिनांचा कारखाना काढला. आज तीच कमिन्स इंडिया. १९९० मध्ये आनंद देशपांडे इंडियाना विद्यापीठात डॉक्टरेट आणि अमेरिकेत नोकरी करून पुण्याला आले आणि पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरू केली. हिंजवडी, खराडी आणि मगरपट्ट्यात आज जे रात्रीचे दिवे जळतात त्यांच्यामागे एवढी परंपरा आहे.

या दिव्यांचं वेळापत्रक कॅलिफोर्नियातलं घड्याळ ठरवतं. उन्हाळ्यात तिथले सकाळचे नऊ म्हणजे पुण्यातले रात्रीचे साडेनऊ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात आणि पुण्यातला कॉल साडेदहाला सरकतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा मागे येतो. भारतातलं घड्याळ हलत नाही, त्यामुळे झळ नेहमी पुण्याला बसते. अशा कॉलवर कोण ताजातवाना असतो, कोण मुलांना झोपवून जांभया आवरत बसलेला असतो, हे सांगायला नको. कॉलची वेळ आलटून पालटून गैरसोयीची ठेवणं, म्हणजे एका महिन्यात अमेरिकेनं रात्री बसायचं, ही साधी गोष्ट आहे. ती करणारा अमेरिकी मॅनेजर पुण्यातल्या मंडळींना जे कळवतो, ते दिवाळीच्या शुभेच्छांच्या दहा ई-मेलनाही कळवता येत नाही.

दुसरी गोष्ट बातमीच्या वाटेची. पुण्यातल्या इंजिनिअरला मंगळवारी कळतं की काम शुक्रवारी होणार नाही. तो लीडला सांगतो: ‘थोडं टाइट आहे.’ लीड डिलिव्हरी मॅनेजरला सांगतो: ‘ताणतोय, होईल.’ डिलिव्हरी मॅनेजर अमेरिकेतल्या ऑनसाइट माणसाला सांगतो: ‘ऑन ट्रॅक.’ क्लायंटच्या स्टेटस कॉलवर तक्ता हिरवा. शुक्रवारी रात्री स्फोट होतो, एस्कलेशन होतं, म्हणजे तक्रार थेट वरच्यांपर्यंत जाते, आणि अमेरिकी बाजू म्हणते की ही माणसं कधी खरं सांगत नाहीत. इंजिनिअरनं तर मंगळवारीच सांगितलं होतं. मधल्या तीन पायऱ्यांवर बातमी पातळ होत गेली, कारण प्रत्येक पायरीवर एस्कलेशनची भीती होती. उपाय पुन्हा रचनेतच सापडतो. ‘शुक्रवारी होईल ना?’ असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. ‘आतापर्यंत जे चालतंय ते दाखवा’ आणि ‘हे अडलं तर कुठं अडेल?’ असं विचारलं तर उत्तरात माहिती येते. चर्चेचा कागद कॉलच्या आदल्या दिवशी पाठवून त्यावर लेखी शेरे मागवले, की इंग्रजी भराभर न बोलणारा आणि वरिष्ठासमोर तोंड न उघडणाराही आपलं म्हणणं मांडतो.

तिसरी गोष्ट टीकेची. अमेरिकी माणूस स्पष्ट बोलतो असं आपण ऐकलेलं असतं. कामाच्या सूचना तो स्पष्ट देतो हे खरं. पण दोष दाखवताना मात्र तो जर्मन किंवा डच माणसाच्या मानानं कितीतरी मऊ असतो. एरिन मेयर यांनी २०१४ च्या आपल्या पुस्तकात हा विरोधाभास नीट मांडला आहे. आधी तीन गोष्टींची स्तुती, मग हळूच एक ‘सूचना’. मराठी कानाला स्तुती ऐकू येते आणि सूचना निसटते. सहा महिन्यांनी मूल्यमापनात तीच सूचना गंभीर दोष म्हणून समोर येते. उलट आपला मॅनेजर खालच्याला चारचौघांत ‘हे काय करून ठेवलंस?’ म्हणतो आणि अर्ध्या तासात त्याच्याबरोबर चहा पितो. पुण्यात हे खपतं. डॅलसच्या ऑफिसात तेच वाक्य मनुष्यबळ विभागाकडे लेखी तक्रार होऊन जातं. दोन्हीकडच्या माणसांनी हे आधी एकमेकांना सांगितलं तर निम्मे घोळ टळतात.

आपली उतरंड

जागतिक चमूच्या चर्चेत एक विषय मराठी मंडळी सहसा टाळतात. अमेरिकेत आज असंख्य चमूंचे प्रमुख भारतीय आहेत आणि त्यांच्या हाताखालीही भारतीयच. तिथं दोन संस्कृतींचा प्रश्न नाही असं वरवर वाटतं. जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क खात्यानं सिस्को कंपनी आणि तिथले दोन भारतीय व्यवस्थापक यांच्यावर खटला भरला. एका दलित इंजिनिअरला जातीमुळे कामात डावललं, असा आरोप होता. कंपनीनं तो नाकारला. एप्रिल २०२३ मध्ये खात्यानं दोन व्यवस्थापकांवरचे आरोप मागे घेतले. कंपनीविरुद्धचं प्रकरण चालू राहिलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल हे जातीवरून भेदभाव करण्यावर बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं तसंच विधेयक मंजूर केलं. राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये ते परत पाठवलं. सध्याच्या कायद्यातच ही बंदी येते, असं कारण त्यांनी दिलं.

खटल्यात कोण बरोबर, हे इथं ठरवायचं नाही. नेत्याच्या दृष्टीनं मुद्दा असा, की अमेरिकी वरिष्ठाला ही उतरंड दिसत नाही. आडनाव, गाव, कोणत्या प्रवर्गातून प्रवेश मिळाला, डब्यात काय आणलं, असल्या साध्या वाटणाऱ्या चौकशांतून काय तपासलं जातं, हे त्याच्या कानाला कळत नाही. आपल्याला लगेच कळतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. भारतातल्या जातींवरचा त्यांचा निबंध त्यांनी १९१६ मध्ये तिथेच एका परिसंवादात वाचला. शंभर वर्षांनी त्याच देशातल्या ऑफिसात कुणाला आपलं आडनाव सांगताना विचार करावा लागत असेल, तर तो माणूस दोरी ओढणार नाही. ही गोष्ट अमेरिकी साहेबाला कळण्याची वाट मराठी प्रमुखानं बघू नये. ती त्याला आधीपासून ठाऊक असते.

नक्कल का फसते

न्यूमीच्या यशानंतर जनरल मोटर्सनं तो प्रयोग इतरत्र करून पाहिला. लॉस एंजलिसच्या व्हॅन नाइस कारखान्यात १९८७ मध्ये चमू पद्धत आणली. फ्रीमॉन्टसारखी भाषा वापरली, फ्रीमॉन्टसारखे गट पाडले. पण इथले कामगार दोन वर्षं बेकार राहून आलेले नव्हते, त्यांना नोकरीची तशी हमी मिळाली नव्हती, आणि ही पद्धत म्हणजे ज्येष्ठतेचे हक्क काढून घेण्याचा डाव आहे अशी अनेकांना शंका होती. युनियन दुभंगली. १९९२ मध्ये कारखाना बंद झाला.

फसगतीचं दुसरं उदाहरण विलीनीकरणाचं. जर्मनीची डाइमलर-बेन्झ आणि अमेरिकेची क्रायस्लर यांनी १९९८ मध्ये ३६ अब्ज डॉलरचं विलीनीकरण केलं, तेव्हा दोन्ही कंपन्या समान आहेत असा गाजावाजा झाला. एकत्रित कंपनीचे प्रमुख युर्गन श्रेम्प यांनी २००० मध्ये वृत्तपत्राच्या मुलाखतीत कबूल केलं की क्रायस्लर हा एक विभाग म्हणूनच ठेवायचा बेत होता. २००७ मध्ये क्रायस्लरचा ८० टक्के हिस्सा ७.४ अब्ज डॉलरला विकला गेला. जर्मन शिस्त आणि अमेरिकी मोकळेपणा जुळले नाहीत, असं या प्रकरणाबद्दल हमखास सांगतात. पण निर्णय कुणाचा, हे जिथं सुरुवातीलाच लपवलं होतं, तिथं शिष्टाचार जुळूनही किती भागलं असतं?

न्यूमीलाही शेवट आला. २००९ मध्ये जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली, भागीदारीतून बाहेर पडली, आणि १ एप्रिल २०१० रोजी टोयोटानं कारखाना बंद केला. सुमारे ४,७०० जणांच्या नोकऱ्या गेल्या. इमारत टेस्लानं घेतली. आज फ्रीमॉन्ट आणि आसपासच्या गावांत मोठी भारतीय वस्ती आहे आणि तिथल्या घराघरातून पुणे, हैदराबाद, बंगळूरशी रात्रंदिवस कॉल चालू असतात. पंचवीस वर्षं पाळलेला शब्दही बाजारापुढे टिकला नाही, ही या प्रयोगाची मर्यादा. पण तो पाळला गेला त्या काळात माणसं बोलली, आणि गाड्या चांगल्या निघाल्या.

म्हणून जागतिक चमूच्या प्रमुखानं स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. माझ्या चमूतल्या सर्वांत कनिष्ठ माणसाला कळलेली वाईट बातमी माझ्यापर्यंत किती दिवसांत पोचते? आणि गेल्या वेळी ती ज्यानं आणली, त्याचं पुढच्या वर्षभरात काय झालं? पहिल्याचं उत्तर तारखा तपासून काढता येतं, दुसऱ्याचं पगारवाढीची यादी पाहून. उत्तरं समाधानाची नसतील तर कॉलची वेळ, प्रश्न विचारण्याची रीत, मूल्यमापनाचे निकष आणि नोकरीबद्दल देता येईल तेवढी हमी, यातलं काहीतरी याच तिमाहीत बदलता येईल. हस्तांदोलन करायचं की नमस्कार, हे तर कुणीही पाच मिनिटांत शिकवील.